फाडण्याची परवानगी

३ फेब्रुवारी

भावजयबाई,

खुशाली तुझ्या नवऱ्याला फोनवर सांगून झाली आहे, ती पुन्हा लिहीत नाही. हे पत्र कामाचं आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मागून पाळणाघरातली वीस पोरं एकदम बोलतात, म्हणून लिहिते आहे.

मी कुत्रा आणला. पिल्लू नाही, चांगला पाच वर्षांचा बाप्या आहे. गावाबाहेर टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक आसरा आहे, तिथून आणला. दुकानात उंदीर झालेत, बांधणीला आलेली पुस्तकं कुरतडतात, म्हणून. दुसरं कारण दोघं मिळून शोधत बसू नका. रंग खाकी कव्हराच्या कागदासारखा, म्हणून नाव खाकी.

याआधी दोन घरांनी त्याला नेलं आणि परत आणून सोडलं. दोघांची तक्रार एकच: राहतो, पण रमत नाही. आसऱ्याच्या बाईंनी मला सहा आठवडे दिलेत. सतरा मार्चला त्या येऊन बघणार. रमला असेल तर कागदावर सही करतील आणि तो माझा. नसेल तर परत नेतील. तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा त्या पुन्हा कुठल्याच घरी देत नाहीत, उरलेलं आयुष्य जाळीच्या आत. हे त्यांनी मला इतक्या कोरडेपणानं सांगितलं की मला बाई आवडल्या.

त्यांच्या छापील कागदावर तीनच प्रश्न आहेत. खातो का? मी खोलीबाहेर गेले की खातो. झोपतो का? पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसखाली झोपतो. खेळतो का? इथे सगळा ठणठणाट.

बाजारातली खेळणी पाहिली. शिवण दोन दिवसांत उसवेल अशी. म्हणून घरीच केली: एक चेंडू, एक लांबुडकी उशी, एक बाहुला. बाइंडिंगचं जाड कापड, मेण लावलेला दुहेरी दोरा, दर टाक्याला गाठ. दहा वर्षं काही होणार नाही. खाकीनं तिन्ही हुंगली, बाहुला तोंडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. कारकुनानं साहेबाच्या टेबलावर फाइल ठेवावी तसा.

तुझ्याकडे वीस मुलं रोज खेळतात. कशी खेळायला लावतेस ते मुद्देसूद कळव. कौतुक वगळ.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं. ‘कुत्रा आणला’ इथे तुमच्या धाकट्या बंधूंना ठसका लागला तो पाठीत दोन धपाटे घातल्यावर थांबला. उंदरांसाठी लोक मांजर आणतात, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, वन्सं म्हणतात ना उंदरांसाठी, मग उंदरांसाठी. तुम्ही चाळीस वर्षांत घरात कुंडीसुद्धा ठेवली नाहीत, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

आता मुद्दे. मी कुणाला खेळायला लावत नाही. नवीन मूल येतं तेव्हा दाराशी चप्पल घालूनच उभं राहतं, आई येईल या हिशोबानं. त्याला खेळणं दिलं तर ते आणखी घाबरतं, कारण खेळणं घेतलं म्हणजे राहायचं ठरलं. मी त्याच्याकडे पाहतच नाही. जवळ जमिनीवर बसते, पाठ अर्धी वळवून, आणि स्वतःच ठोकळे लावत बसते. दोन दिवस, पाच दिवस. एक दिवस माझ्या मांडीला हात लागतो.

तुमच्या खाकीची दोन घरं झालीत. तो अजून चप्पल घालून उभा आहे.

तेव्हा तुम्ही जमिनीवर बसा. त्याच्या डोळ्यांत पाहू नका. तुमच्या नजरेला माणसं घाबरतात तिथे तो काय. हातानं खाऊ घाला. त्याच्या खोलीत शिरताना आधी बोला. आणि खेळा. तुम्ही स्वतः. त्याला बोलवू नका.

शिवाय एक कळवा: तुम्ही बघत नसताना तो त्या खेळण्यांचं काय करतो?

तुमची भावजय


१६ फेब्रुवारी

भावजयबाई,

सांगितलंस ते सगळं केलं. रोज सकाळी अर्धा तास प्रेससमोर जमिनीवर. गुडघे या वयात काय बोलतात ते मी लिहिणार नाही. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या हातून पोळीचा तुकडा घेतला. सहाव्या दिवशी माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला. मी दीड तास हलले नाही. पायाला मुंग्या आल्या, गिऱ्हाईक दारावरून परत गेलं.

स्वतः खेळण्याचा प्रकारही केला. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात. नेमके त्या वेळी वकीलसाहेब निकालपत्रांचे खंड घेऊन आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दारात उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मी बघत नसताना तो बाहुला घेऊन प्रेसखाली जातो आणि शिवणीशी काहीतरी खुडबुड करतो. गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी बगलेतली शिवण उसवलेली दिसली, आतल्या चिंध्या बाहेर. मी तिथेच बसून लगेच शिवून टाकला. दुसऱ्यांदा टाके आणखी जवळ घातले, वरून कापडाची पट्टी मारली. तो शेजारी बसून बघत होता. आता काही उसवत नाही.

गंमत अशी की बाहुला इतका पक्का झाल्यापासून तो त्याला तोंडही लावत नाही. कापडाला मेणाचा वास येत असेल का? धुऊन बघते.

तुझी नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा कपाळावर हात मारला. बाहुला धुऊ नका. प्रश्न मेणाच्या वासाचा नाही.

तो खेळत होता. प्रेसखाली जाऊन शिवण उसवणं, चिंध्या बाहेर काढणं, हाच त्याचा खेळ. आठवडाभर जीव मुठीत धरून तो तेवढं करायला धजला, आणि तुम्ही सकाळी त्याच्याच समोर बसून ते सगळं पुसून टाकलंत. एकदा नाही, दोनदा. वर पट्टी मारून. तुमचा चेहराही त्या वेळी कसा असेल ते मला माहीत आहे. त्याला कळलं, या घरात हे चालत नाही. दिला सोडून.

आमच्याकडे मागे एक नवीन बाई आल्या होत्या, टापटीप. ठोकळ्यांचा मनोरा जरा झुकला की धावत जाऊन सरळ करायच्या. एक मुलगा तिसऱ्या दिवशी ठोकळ्यांना हात लावेना. त्याला मनोरा बांधायचा नव्हताच, पाडायचा होता.

तुमचे बंधू म्हणतात, ताई माझ्या वह्यांना अशी कव्हरं घालायची की आत लिहायची भीती वाटायची. एका वर्षी म्हणे त्यांनी भूगोल अख्खा पाटीवर सोडवला, वही खराब होऊ नये म्हणून. हे त्यांनी हसत सांगितलं, पण पन्नास वर्षांनी सांगितलं.

त्याला फाडायला काहीतरी द्या. तुमच्या हातानं द्या. आणि शिवू नका.

तुमची भावजय


२३ फेब्रुवारी

भावजयबाई,

पत्र मिळालं.

मी अडतीस वर्षं फाटलेलं जोडते. लोक माझ्याकडे पानं सुटलेली, कणा मोडलेला, पाण्यानं फुगलेला ऐवज आणतात आणि विश्वासानं ठेवून जातात. सध्या बाकावर एका शाळेचे साठ वर्षांचे हजेरीपट आहेत, चौदा खंड. त्यांची दुसरी प्रत जगात नाही. अशा दुकानात मी कुत्र्याला फाडायचं शिक्षण देऊ? उद्या त्यानं त्यातला एक काढला तर मुख्याध्यापकांना काय सांगायचं, आमचा खाकी रमतो आहे?

तुझ्याकडे ठोकळे पडतात. माझ्याकडे पडलं ते परत उभं राहत नाही.

भूगोलाचं तुझ्या नवऱ्यानं मला तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझी नणंद


५ मार्च

वन्सं,

दहा दिवस झाले, तुमचं पत्र नाही, फोन उचलत नाही. रागावला असाल तर असा, पण वाचा.

तुमची भीती खरी आहे. मी ती उडवून लावायला नको होती. आमच्या पाळणाघरात चार भिंती आहेत. पहिल्या वर्षी चारही भिंतींवर खडूनं रेघोट्या. मी ओरडले, पुसल्या, शिक्षा केल्या. मग एक भिंत देऊन टाकली, तिच्यावर काहीही करा. बाकीच्या तीन आज आठ वर्षं स्वच्छ आहेत. मुलांना भिंत कळते. नसलेली परवानगी तेवढी कळत नाही.

खाकीला एक खोका द्या. खोक्यात तुम्ही टाकाल ते त्याचं, बाहेरचं तुमचं. एक शब्द ठरवा, तो ऐकला की सुरू. चुकीचं काही उचललंन तर पाठलाग करू नका, हातात दुसरं चांगलं काहीतरी धरा, तो स्वतः सोडेल. तुकडे गिळतो का तेवढं जवळ बसून बघा. दोरे, टाचण्या आधी काढून घ्या.

बारा दिवस उरलेत. पुरेसे आहेत. मी पाच दिवसांत रडणारी मुलं हसवली आहेत, तुम्ही तर वन्सं आहात.

तुमची भावजय


११ मार्च

भावजयबाई,

रागावले नव्हते. सांगण्यासारखं काही नव्हतं, उलट लपवण्यासारखं होतं. आता सांगते.

सव्वीस फेब्रुवारीला मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. मागून आवाज आला. पुठ्ठा फाटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. आत गेले तर खाकीच्या पायांत हजेरीपटाचं कव्हर, त्याचे चाळीसेक तुकडे, आणि तो मधोमध बसलेला. मी आयुष्यात इतकी मोठ्यानं ओरडले नव्हते. तो प्रेसखाली गेला आणि तीन दिवस बाहेर आला नाही. जेवला नाही. पाण्याचं भांडंसुद्धा मला आत सरकवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आसऱ्याच्या बाईंना कार्ड टाकलं: कुत्रा माझ्या कामाच्या जागी ठेवण्यासारखा नाही, लवकर घेऊन जा. टाकून आले. मग तुकडे गोळा करायला बसले, मुख्याध्यापकांना काय जोडून देता येईल ते बघायला.

ते तुकडे जुन्या कव्हराचे होते. आदल्या दिवशी मीच सोडवून रद्दीच्या टोपलीत टाकलेल्या, कुजलेल्या पुठ्ठ्याचे. नवीन बांधलेले, अर्धे बांधलेले, सुटे, असे चौदाही खंड खालच्या बाकावर होते, बरोबर त्याच्या नाकाच्या उंचीला. एकाचीही कड ओली झाली नव्हती. त्यानं टोपली शोधली होती. मी काय टाकते आणि काय जपते हे चोवीस दिवस प्रेसखालून बघून त्यानं ते ठरवलं होतं. माझ्या दुकानात आजवर तीन कारागीर येऊन गेले. दोघांना हा फरक वर्षभरात कळला नाही.

आणि मी त्याच्यावर ओरडले होते.

त्याच दिवशी दुसरं कार्ड टाकलं, पहिलं रद्द समजा म्हणून. उत्तर नाही.

मग तुझं खोक्याचं पत्र आलं. त्याच सकाळी एक उथळ लाकडी खोका प्रेससमोर ठेवला, बाजूला बसले, टोपलीतून एक जुना पुठ्ठा घेतला, दोरे काढले. आणि फाडला. कामासाठी नाही, उगीच. दुसरा फाडला. तिसऱ्याला प्रेसखालून नाक आलं. मी पुठ्ठ्याचं एक टोक खोक्यात ठेवलं, दुसरं हातात, आणि पुढे पाहत म्हटलं, ‘फाड.’

त्यानं टोक धरलं. मी सोडलं नाही. त्यानं ओढलं. मी ओढलं. पुठ्ठा मधोमध फाटला, मी मागे पडले, त्याचे पुढचे पाय जमिनीला टेकले, ढुंगण वर, शेपूट अशी फिरते आहे की टेबलावरचे कागद उडाले. मग त्यानं उरलेल्या तुकड्याचा असा निकाल लावला की बघत राहावं. गिळलं काही नाही. एकेक तुकडा थुंकून ओळीनं ठेवतो, स्वच्छ कामाचा माणूस आहे. तेवढ्यात दारात आलेले वकीलसाहेब म्हणतात मी मोठ्यानं हसत होते. असेन.

रोज दोनदा खेळतो. आता जमिनीवर पडलेली कापडाची कातरणही तो स्वतः आणून खोक्यात टाकतो आणि माझ्या शब्दाची वाट बघतो. शब्द नाही दिला तर तसाच थांबतो.

पण ते पहिलं कार्ड बाईंच्या हातात आहे.

तुझी नणंद


१४ मार्च

वन्सं,

एकच सांगते. सतराला त्याला परीक्षेला बसवू नका. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं की माझं सर्वात गाणारं मूल मुकं होतं. तो नाही खेळला तरी तुम्ही खेळा.

आणि कार्डाचं लपवू नका. बाई कोरड्या आहेत म्हणता ना, कोरड्या माणसाला कोरडं खरं सांगावं.

तुमचे बंधू यायचं म्हणत होते. मी थांबवलं. तिथे आधीच नवीन माणसं पुरेशी असतील.

तुमची भावजय


१७ मार्च

भावजयबाई,

बाई अकराला आल्या. गल्लीत जाळीची गाडी उभी केली, दार उघडंच ठेवून. हातात त्याला न्यायचा लांब कापडी पट्टा. दोन्ही कार्डं पोचली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, एका दिवसात मत फिरणाऱ्या घरी मी कुत्रा ठेवत नाही. आधीच्या दोन्ही घरांचं असंच सुरू झालं होतं.

मी सांगितलं सगळं. बाहुला, टाके, टोपली, ओरडणं. काही गाळलं नाही. चूक माझी होती, त्याची नव्हती, इतकं स्पष्ट. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, कुत्रा कुठे आहे?

कुत्रा प्रेसखाली होता. पट्टा दिसताच गेला होता, पार भिंतीपर्यंत. फक्त डोळे दिसत होते.

खेळतो म्हणालात, असं बाई म्हणाल्या. मी जमिनीवर बसले. वकीलसाहेब खंड न्यायला आले होते, त्यांनी स्वतः होऊन दुकानाचं दार लावून घेतलं. मी पुठ्ठा फाडला. काही नाही. दुसरा फाडला. काही नाही. बाईंसमोर, वकिलांसमोर, पासष्टीची बाई एकटी पुठ्ठे फाडते आहे. चौथ्याला बाईंनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, त्याला आणि तुम्हाला उगीच त्रास नको. वाकल्या आणि पट्टा अडकवायला हात प्रेसखाली घातला.

पट्ट्याचं टोक त्याच्या तोंडापाशी गेलं आणि त्यानं ते धरलं.

बाईंनी हात झटकन मागे घेतला. चावला असं वाटलं त्यांना. पण हाताला काही झालं नव्हतं. टोक दातांत धरून तो पुढे आला, एक पाय, दुसरा पाय, उजेडात. बाईंनी सवयीनं ओढलं. त्यानं ओढलं. बाईंनी जोर केला, त्यानं चारही पाय रोवले, आणि मला दिसलं की बाईंचा चेहरा बदलतो आहे. त्यांनी जरा सैल सोडलं. तो लगेच पुढे झुकला, ढुंगण वर, आणि भुंकला. एकदाच. सहा आठवड्यांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. वकीलसाहेबांच्या हातून खंड खाली पडला, आणि मी त्यांना काही बोलले नाही.

मग त्यानं बाईंच्या हातून पट्टा ओढून घेतला, गुंडाळीसकट. खोक्यापाशी गेला. त्यात टाकला. आणि माझ्याकडे बघत बसला. त्यांच्याकडे नाही.

मी बाईंना म्हटलं, “पट्टा तुमचा आहे.”

त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. दीड वर्ष तो त्यांच्याकडे होता, आणि त्यानं कधी कुणाच्या हातून काही ओढून घेतलं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच म्हणाल्या, “वाट बघतोय तो. द्या ना शब्द.”

मी म्हटलं, “फाड.”

बाईंनी जमिनीवरच बसून मांडीवर कागद ठेवला आणि सही केली. खेळतो का, या प्रश्नापुढे लिहिलं: होय. त्याखाली रेघ मारली, दोनदा. गाडीचं दार त्यांनी स्वतः जाऊन बंद केलं आणि परत येऊन चहा घेतला. जाताना मी म्हटलं, पट्टा पाठवते दुरुस्त करून, पंधरा मिनिटांचं काम आहे, कुठे सांधा आहे ते दिसणार नाही. त्या म्हणाल्या, असू दे त्याच्याकडे.

तुम्ही दोघं रविवारी या. तुझ्या नवऱ्याला सांग, येताना एक कोरी वही आण, कव्हर न घातलेली.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. पट्ट्याचे सतरा तुकडे खोक्यात आहेत, खाकी त्यांच्या शेजारी पसरला आहे. मी ते मोजले. शिवले नाहीत.

तुझी नणंद